पानशेतचा पूर वेबनकाशावर मांडताना

12 जुलै 1961 ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत घुसलं. ही गोष्ट वेबनकाशावर सांगायला बसलं की पहिली अडचण पार्श्वनकाशाचीच, म्हणजे सगळ्यांत खाली अंथरलेल्या तयार नकाशाचीच येते, कारण तो आजचा असतो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर पानशेतच्या शेजारी वरसगावचा जलाशय दिसतो, डेक्कनला नदीकाठाने मेट्रो धावते. 1961 साली यातलं काहीच नव्हतं. म्हणून पार्श्वभूमी फिकट आणि शक्यतो बिननावाची ठेवावी, वर जुना नकाशा चढवावा.

जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या जिओरेफरन्सरने आजच्या नकाशावर बसवता येतो. त्यासाठी दोन्ही नकाशांत ओळखू येणाऱ्या जागा, म्हणजे बिंदू, जुळवायचे. साध्या रूपांतराला तीन बिंदू पुरतात, पण दहा-बारा घ्यावेत आणि तेही चारही कोपऱ्यांत पसरलेले. सगळे बिंदू शनिवार पेठेत घेतले, तर डेक्कनची बाजू हमखास सरकते. शनिवारवाड्याचे बुरूज, ओंकारेश्वराचं देऊळ अशा जागा चालतात. नदीचा काठ किंवा रुंदीकरण झालेला चौक चालत नाही. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही रूपांतराची पद्धत निवडल्यावर चूक शून्य दिसते, त्यावर भाळू नये. ती पद्धत प्रत्येक बिंदू ओढूनताणून जागेवर आणते. मधला भाग वाकडा झाला तरी आकडा शून्यच राहतो.

मग निर्देशांक. लीफलेट या वेबनकाशाच्या कोड-लायब्ररीमध्ये आधी अक्षांश लिहितात, नकाशावरच्या खुणा साठवणाऱ्या जिओजेसन फाइलमध्ये आधी रेखांश. पुण्याचे 18.52 आणि 73.86 उलटे पडले की खूण थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात उमटते. नकाशा कोरा दिसला तर आधी हेच तपासावं. पाण्याखाली गेलेलं क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्ये, म्हणजे वेबनकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात मोजलं, तर पुण्याच्या अक्षांशावर ते सुमारे 11 टक्के जास्त भरतं. मोजणी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या 43 उत्तर पट्ट्यात करावी. ठिकाणांची मराठी नावं एक्सेलमधून काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच प्रकार निवडावा, नाहीतर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

गोष्टीला सहा-सात टप्पे पुष्कळ झाले. प्रत्येक टप्प्याला मध्यबिंदू, झूम, दिसणारे थर आणि दोन-तीन वाक्यं. पानशेत ते मुळा-मुठेचा संगम हा सगळा पट झूम 11 वर मावतो, नारायण पेठेची गल्ली मात्र 16 वर उघडते. एवढ्या लांब उडीला लीफलेटची ‘फ्लायटू’ ही आज्ञा वापरणं शोभतं, कारण ते आधी वर जाऊन मग खाली उतरतं. शेजारच्या दोन पेठांमध्ये तेच वापरलं की वाचकाला गरगरतं. तिथे नकाशा नुसता बाजूला सरकवणारं ‘पॅनटू’ बरं.

फोनवर मजकूर सरकवायला गेलेलं बोट नकाशाच पकडतो आणि वाचक तिथेच अडकतो. शेवटच्या टप्प्यापर्यंत नकाशाचं ओढणं आणि झूम बंद ठेवावं. मग सगळं मोकळं करावं, कारण आता जो तो आपला वाडा शोधणार.

आणि खरी कसोटी इथेच लागते. झूम 18 वर पुण्यात एक पिक्सेल जेमतेम 57 सेंटिमीटरचा असतो. मूळ नकाशा 20 मीटरने चुकलेला असेल, तर ती चूक पडद्यावर 35 पिक्सेल होते, पण ठसठशीत पूररेषा पाहून कुणाला तिची शंकासुद्धा येत नाही. जिथे नोंदी कच्च्या आहेत तिथे रेषा तुटक काढावी, आणि झूमला 16 वरच कुलूप घालावं.