कूलरच्या घरघरीतला टीव्ही

नागपुरात होळी झाली की झाकून ठेवलेले कूलर पुन्हा खिडक्यांना लागतात आणि पुढचे तीन महिने घरातल्या प्रत्येक आवाजाला त्यांच्या घरघरीतून वाट काढावी लागते. शहराच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशींनी दिवाळीत जुना टीव्ही काढून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा चित्राबद्दल त्या अगदी समाधानी होत्या. मात्र मालिकेतली पात्रे काय बोलतात, हे त्या मला विचारून घेत होत्या. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत कानांवर आदळत असे आणि कमी केला की संवाद हरवत असत. "चित्र एवढं मोठं नसतं तरी चाललं असतं, बोललेलं कळायला हवं," असे त्या म्हणाल्या. लोकांना टीव्हीकडून काय हवे असते, याचे इतके नेमके उत्तर मी दुसरीकडे ऐकलेले नाही. हे उत्तर टीव्हीच्या खोक्यावर छापलेल्या कोणत्याही आकड्यात का सापडत नाही, ते समजून घेण्यासाठी आधी आवाजाचे विज्ञान पाहावे लागते.

बोलण्यातील बहुतेक ऊर्जा स्वरांमध्ये असते आणि ती प्रामुख्याने १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांच्या, खालच्या कंप्रतेत साठलेली असते. अर्थ मात्र मोठ्या प्रमाणावर व्यंजनांवर तोललेला असतो, आणि व्यंजने क्षीण, क्षणिक व उच्च कंप्रतेची असतात. 'स' आणि 'श' यांचा सीत्कार तर ४००० हर्ट्झच्याही वर पसरतो. 'सात' आणि 'साठ', 'काल' आणि 'खाल', 'पाट' आणि 'पाठ' या जोड्यांमधला स्वर सारखाच आहे. फरक आहे तो केवळ व्यंजनाच्या सूक्ष्म खुणेचा, आणि मराठीत अशा जोड्या पावलोपावली भेटतात. कूलरचा पंखा आणि त्याच्या बाजूंना बसवलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या ताट्यांवरून ठिबकणारे पाणी मिळून जो आवाज होतो, तो जवळजवळ सर्व कंप्रतांवर पसरलेला असतो, आणि जवळ बसलेल्या माणसासाठी त्याची पातळी साध्या संभाषणाच्या, म्हणजे सुमारे ६० डेसिबलच्या, आसपास पोहोचू शकते. शिवाय मोठा आवाज स्वतःच्या कंप्रतेहून उच्च कंप्रतेच्या आवाजांना अधिक सहज झाकतो, हा मानवी कानाचा गुणधर्मच आहे. त्यामुळे कूलर चालू असताना स्वर ऐकू येतात, कोणीतरी बोलत आहे हे कळते, पण शब्द कळत नाहीत. वय वाढते तशी श्रवणशक्तीही उच्च कंप्रतेकडूनच कमी होऊ लागते. म्हणून घरातल्या ज्येष्ठांची अडचण दुहेरी असते, आणि 'लक्ष देऊन ऐका' हा त्यांना दिला जाणारा सल्ला अन्यायाचा असतो.

आता टीव्हीच्या बाजूने पाहू. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे खोके खोल असे, त्यात बऱ्यापैकी मोठा स्पीकर मावत असे आणि बहुधा त्याचे तोंड पाहणाऱ्याकडे असे. आजचा टीव्ही भिंतीवरच्या तसबिरीसारखा पातळ हवा आणि त्याच्या कडा दिसू नयेत, अशी अपेक्षा असल्याने स्पीकर लहान झाले आणि त्यांची तोंडे खाली किंवा मागे वळली. उच्च कंप्रतेचा ध्वनी सरळ रेषेत जाण्याकडे झुकलेला असतो. तो भिंतीवर किंवा टेबलावर आपटून आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्यातला व्यंजनांचा रेखीवपणा बराचसा विरलेला असतो, आणि गुळगुळीत फरशा व गिलाव्याच्या भिंती असलेल्या आपल्या बैठकीत उरलेला ध्वनी घुमतही राहतो. तिसरे कारण कार्यक्रमाच्या ध्वनिमिश्रणात आहे. चित्रपट आणि अनेक वेबमालिका सहा वाहिन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या सहा स्वतंत्र प्रवाहांच्या, ध्वनीत तयार होतात आणि त्यात संवादांसाठी मधली स्वतंत्र वाहिनी असते. टीव्हीला दोनच स्पीकर असतील, तर ही मधली वाहिनी तीन डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्या वाहिन्यांत मिसळली जाते, म्हणजे संवाद ज्यांच्यापासून वेगळा ठेवला होता त्याच संगीतात आणि गोंगाटात तो जाऊन पडतो. एकदा मिसळल्यावर आवाज वाढवून उपयोग होत नाही, कारण संवाद आणि संगीत यांचे परस्पर प्रमाण तेच राहते.

या अडचणीवरचे उपाय साधे आहेत. बहुतेक टीव्हींच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असतो. तो साधारणपणे व्यंजनांच्या पट्ट्याला उठाव देतो आणि खालच्या कंप्रता आवरतो. मधली वाहिनी असलेला साउंडबार, म्हणजे बाहेरून जोडायचा लांबट स्पीकर, टीव्हीखाली समोर तोंड करून ठेवला, तर फरक याहून मोठा पडतो. मावशींच्या घरी मी पहिला उपाय केला आणि त्यांची खुर्ची कूलरजवळून टीव्हीजवळ आणली. श्रोता उगमाच्या जवळ गेला की हव्या असलेल्या आवाजाचे नको असलेल्या आवाजाशी प्रमाण सुधारते, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

याच्या तुलनेत चित्राच्या आकड्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. हिशेब केला तर ४३ इंची पडद्यावरचे फुल एचडीचे ठिपके सुमारे साडेपाच फुटांच्या पुढून वेगळे दिसत नाहीत. आपल्या घरांत सोफा बहुधा नऊ-दहा फुटांवर असतो, तेव्हा फोर-केच्या चौपट ठिपक्यांचा लाभ डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. पडदा ५५ इंची घेतला तरी ही मर्यादा सात फुटांच्या आसपास येते.

वेळेबद्दलची लोकांची अपेक्षा मात्र मला रास्त वाटते. बटण दाबल्यावर चित्र लगेच यावे, एवढीच ती असते. पिक्चर ट्यूबलाही तापायला काही सेकंद लागत. परंतु तो उशीर टीव्ही घेतल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच राही. स्मार्ट टीव्ही हा पडदा लावलेला संगणक आहे. अँड्रॉइड टीव्ही, टायझेन आणि वेबओएस या टीव्ही चालवणाऱ्या तिन्ही प्रणालींच्या गाभ्याशी लिनक्स ही संगणकांवरचीच प्रणाली आहे, आणि स्वस्त टीव्हीत या संगणकाला एक-दीड गिगाबाइट स्मृतीवर भागवावे लागते. अॅप दर वर्षी जड होत जातात, स्मृती मात्र तेवढीच राहते. म्हणून पडदा उत्तम असतानाही तीन-चार वर्षांत टीव्ही रेंगाळू लागतो, आणि पुढे एखाद्या दिवशी अॅपच त्या जुन्या मॉडेलला आधार देणे थांबवते. पडद्याचे आयुष्य आणि संगणकाचे आयुष्य वेगळे असताना दोन्ही एकाच खोक्यात बांधणे हीच मला या यंत्राच्या रचनेतली सर्वात मोठी चूक वाटते. टीव्ही संथ झाल्यावर तो बदलण्यापेक्षा त्याला बाहेरून छोटे स्ट्रीमिंग उपकरण जोडणे कितीतरी स्वस्त पडते.

वेळेची आणखी एक तक्रार क्रिकेटच्या दिवशी ऐकू येते. नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर सामना चालू असतो, शेजारच्या घरातून जल्लोष उठतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू टाकायला धावत येत असतो. शेजाऱ्याकडे डीटीएच असते, आपण इंटरनेटवरून पाहत असतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या सुमारे ३६,००० किलोमीटर वर आहे, तरी संकेताला वर जाऊन खाली यायला केवळ पाव सेकंद लागतो. इंटरनेटवर चित्रण काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, आणि मध्येच अडखळू नये म्हणून प्रेक्षकाचे उपकरण असे काही तुकडे हाताशी जमवून मगच दाखवू लागते. उशीर साठतो तो या तुकड्यांमुळे. जोडणीचा वेग वाढवूनही तो फारसा घटत नाही, आणि ज्यांनी केवळ सामन्यांसाठी महागडी जोडणी घेतली त्यांना हे आधी कोणी सांगायला हवे होते.

काही अपेक्षा लोक बोलून दाखवत नाहीत, कारण त्या बोलून दाखवाव्या लागतील असे त्यांना वाटतच नाही. आपण टीव्ही पाहावा, टीव्हीने आपल्याला पाहू नये, ही त्यांतली एक आहे. अनेक स्मार्ट टीव्हींत आशय ओळखणारी यंत्रणा असते. ती पडद्यावरच्या काही ठिपक्यांचे नमुने ठरावीक अंतराने घेते, त्यांचा ठसा तयार करते आणि दूरच्या सर्व्हरवरच्या साठ्याशी ताडून आपण काय पाहत आहोत ते ओळखते. पडद्यावर जे येते त्याचाच ठसा घेतला जात असल्याने कार्यक्रम सेट-टॉप बॉक्समधून आला तरी ती ओळखू शकते. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून संमतीविना अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. याच कंपनीला २०२१ मध्ये टीव्ही विकून झालेल्या ढोबळ नफ्यापेक्षा जाहिराती आणि माहितीच्या व्यवसायातून झालेला नफा अधिक होता. टीव्ही इतके स्वस्त कसे झाले, याच्या उत्तराचा एक भाग येथे आहे. ही ओळख बंद करण्याचा पर्याय गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये असतो, पण बहुधा चार पायऱ्या आत. टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना सर्व अटींना एकदम 'मान्य' म्हणण्याऐवजी प्रत्येक अट वाचून पुढे जावे, हे मी ओळखीच्या सर्वांना आग्रहाने सांगतो.

न बोललेली दुसरी अपेक्षा टिकाऊपणाची आहे, आणि ती आपल्या हवामानाशी बांधलेली आहे. अनेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ४० अंश सेल्सिअसची कमाल मर्यादा दिलेली असते. नागपुरात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पश्चिमेच्या उन्हाने तापलेल्या भिंतीला चिकटवून लावलेल्या टीव्हीच्या मागची हवा संध्याकाळीही निवत नाही. वीजपुरवठ्याच्या भागातले विद्युत-अपघटनी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे छोटे भाग, दर १० अंश वाढीला साधारण निम्मे आयुष्य गमावतात, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पडद्यामागच्या एलईडी पट्ट्याही उष्णतेने लवकर थकतात. पडद्याचा उजळपणा थोडा कमी केला तर आतली उष्णताही कमी होते, आणि दुकानातल्या झगझगाटासाठी ठेवलेली भडक रंगांची सेटिंग घरी तशीही नकोशी असते. टीव्ही शक्यतो आतल्या भिंतीवर लावावा आणि मागे चार बोटे जागा सोडावी. कूलरची दमट हवा थेट त्याच्यावर येणार नाही असेही पाहावे, म्हणजे घरघरही संवादापासून दूर राहते. मावशींकडे पुढच्या होळीनंतर कूलरला नव्या ताट्या बसवायला माणूस येईल, तेव्हा त्याच दिवशी कूलर दुसऱ्या खिडकीला हलवायचा आणि टीव्हीच्या मागच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढायची, असे आम्ही ठरवले आहे.