कॉर्डिएराइट मधपोळे

मोटारीच्या धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंना आधार देणारा, हजारो समांतर नळ्यांचा, कॉर्डिएराइट या मॅग्नेशियम-अॅल्युमिनियम सिलिकेटाचा सच्छिद्र सिरॅमिक ठोकळा. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत रॉडनी बॅग्ली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुईस यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी तो विकसित केला. १९७०च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यामुळे अशा साधनाची निकड निर्माण झाली होती. १९७५च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर सर्रास बसू लागले.

खरी अडचण उष्णतेची होती. थंड इंजिन सुरू झाले की एक्झॉस्टचे तापमान काही क्षणांत शेकडो अंशांनी चढते आणि एवढ्या धक्क्याने बहुतेक सिरॅमिक तडकतात. लॅकमन व लुईस यांनी चिनी माती, शंखजिरे आणि अॅल्युमिना यांचे मिश्रण घेतले. ते साच्याच्या अरुंद फटींतून दाबले जाताना चिनी मातीचे चपटे कण भिंतींना समांतर बसतात. सुमारे १४०० अंश सेल्सियसला भाजल्यावर त्यांतून कॉर्डिएराइटचे स्फटिक विशिष्ट दिशेने वाढतात. तापल्यावर हा स्फटिक एका अक्षावर किंचित आकसतो, आणि तो अक्ष नेमका भिंतीच्या पातळीत येतो. त्यामुळे त्या पातळीतले प्रसरण दर अंशाला मीटरमागे जेमतेम एक मायक्रॉन उरते. प्लॅटिनमचे कौतुक सगळे करतात, पण या शोधाचा गाभा मातीच्या कणांच्या या मांडणीत आहे.

साचा बॅग्ली यांचा. त्याच्या एका बाजूला भोके आणि दुसऱ्या बाजूला उभ्या-आडव्या फटींची जाळी असते. भोकांतून शिरलेला लगदा फटींत पसरून एकजीव होतो आणि सोऱ्यातून शेव पडावी तसे अखंड पोळे बाहेर येते. सुरुवातीला एका चौरस इंचात सुमारे २०० नळ्या असत. पुढे ४००, ६०० आणि ९०० नळ्यांचीही पोळी निघाली. भिंतींच्या छिद्रांत अॅल्युमिनाचा लेप पक्का धरतो आणि त्यावर उत्प्रेरक बसतो. तिघांना २००३चे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

याच पोळ्यातील नळ्यांची तोंडे एकाआड एक बुजवली की डिझेलची काजळी गाळणारा फिल्टर तयार होतो. वायूला भिंतीतूनच वाट काढावी लागते. भिंतीतील छिद्रे काजळीच्या कणांहून कितीतरी मोठी असतात, तरी कण निसटत नाहीत: अतिसूक्ष्म कण वेडेवाकडे भरकटत भिंतीला चिकटतात आणि साचलेला थरच पुढे गाळणीचे काम करतो.

भारतात १९९५मध्ये मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे उत्प्रेरकाला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आले. २०२०च्या बीएस-६ (भारत स्टेज ६) या वाहनप्रदूषण मानकांनंतर डिझेल मोटारींत काजळीचा फिल्टर सार्वत्रिक झाला. साचलेली काजळी त्यात वेळोवेळी जाळावी लागते; शहरातल्या छोट्या फेऱ्यांत त्यासाठी पुरेसे तापमान चढत नाही आणि फिल्टर तुंबतो.