फुफ्फुसाचा कर्करोग, स्त्रिया आणि उशिरा विचारलेला प्रश्न

ऑगस्ट २०२२ मध्ये व्हिएन्नात फुफ्फुसाच्या कर्करोगावरची जागतिक परिषद भरली. तिथे अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ डॉ. नारजस्ट फ्लोरेझ यांनी हा आजार असलेल्या २४९ स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. त्यांतल्या ७७ टक्के जणींना लैंगिक आरोग्याच्या मध्यम ते तीव्र तक्रारी होत्या. आकडा मोठा आहेच, पण मला जास्त टोचते ते साल. इतक्या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला २०२२ उजाडावे लागले.

हा आजार म्हटला की अनेक दशके डोळ्यांसमोर यायचा तो सिगारेट ओढणारा, उतारवयातला पुरुष. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावरच्या सर्वोच्च सरकारी डॉक्टरच्या, १९६४ च्या गाजलेल्या अहवालात धूम्रपान आणि या कर्करोगाचे नाते ठामपणे सांगितले गेले ते पुरुषांपुरते. स्त्रियांबद्दलचा पुरावा कमी आहे, पण कल तोच आहे, एवढीच नोंद झाली. पुढे १९८७ मध्ये त्याच देशात स्त्रियांच्या कर्करोग-मृत्यूंत फुफ्फुसाच्या कर्करोगाने स्तनाच्या कर्करोगाला मागे टाकले, तरी मनातले चित्र बदलले नाही. आपल्याकडे तर हा आजार झालेल्या बहुतेक बायकांनी कधी विडी-सिगारेट हातात धरलेली नसते. तरीही ‘हिला कसा झाला?’ हा संशय त्यांच्या वाट्याला येतोच.

दुसरीकडे, कर्करोग आणि शरीरसंबंध यांवरचा अभ्यास अवयवांभोवती वाढत गेला. स्तन, गर्भाशय, प्रोस्टेट यांवरच्या उपचारांनी संबंधांत काय बिघडते हे उघड दिसत होते, म्हणून तिथे विचारले गेले. छातीतल्या आजाराचा याच्याशी काय संबंध, असे वाटणे सोपे होते. त्यात निदान उशिरा व्हायचे आणि हाती काही महिनेच असायचे. ‘जीव वाचू दे, बाकीचे नंतर बघू’ असे घरचेही म्हणत आणि डॉक्टरही. ते ‘नंतर’ येतच नसे.

ते आणले गोळ्यांनी. २००४ मध्ये ईजीएफआर या जनुकातले बदल आणि त्यावर चालणारी औषधे यांचे नाते उलगडले. हे बदल आशियाई लोकांत, स्त्रियांत आणि कधीच धूम्रपान न केलेल्यांत जास्त आढळतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत यांपैकीच एका, जेफिटिनिबच्या गोळीला किमोची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा काळ सुमारे ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. रोज एक गोळी घेऊन स्वयंपाक, नोकरी, मुलांची शाळा सांभाळणारी, पंचेचाळिशीची बाई आता ओपीडीत दिसू लागली. तिला संसार आहे, नवरा आहे आणि स्वतःची इच्छाही आहे. औषधाने अंगावर पुरळ उठते, जुलाब होतात, त्वचा कोरडी पडते. हे सारे केसपेपरवर येते, शरीरसंबंधांचे मात्र येत नाही.

एक विसंगती मला फार लागते. याच कर्करोगावरच्या क्रिझोटिनिब या औषधाने पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने घटते, हे औषध बाजारात आल्यावर वर्षभरातच, २०१२ मध्ये, छापून आले. कुणीतरी तपासले म्हणून ते कळले, आणि ते योग्यच झाले. तीच औषधे घेणाऱ्या बायकांकडे मात्र इतक्या तत्परतेने कुणी वळले नाही.

कसे विचारावे हे ठाऊक नव्हते असेही नाही. जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच लैंगिक समस्यांवरच्या मदतीच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. पहिली परवानगीची, म्हणजे हा विषय इथे बोलता येतो हे रुग्णाला कळू देण्याची. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्टच सांगितले की हे बोलणे उपचार करणाऱ्या चमूपैकी कुणीतरी सुरू करावे, रुग्णाची वाट पाहू नये.

व्हिएन्नात मांडलेल्या पाहणीत स्त्रियांनी सांगितलेल्या कारणांत सर्वांत वर होता थकवा, त्यामागे उदासी. जोडीदाराशी आलेला दुरावा आणि दम लागणे हेही होते. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत: योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी वंगण किंवा मॉइश्चरायझर, थकवा कमी असलेली वेळ, छातीवर भार न येणारी स्थिती, घरी ऑक्सिजन चालू असेल तर त्या वेळी तो कसा ठेवावा याचा डॉक्टरांकडून सल्ला. पाळी चालू असलेल्या बाईला गर्भनिरोधनाबद्दलही सांगावेच लागते, कारण या कर्करोगावरची अनेक औषधे गर्भाला घातक आहेत. ओपीडीच्या गर्दीतही या बोलण्याला पाच मिनिटे पुरतात. मात्र नवरा किंवा सासू शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना ती बाई तोंड उघडणार नाही, तेव्हा त्यांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगावे लागते.