नाण्याच्या गालावरचा उजेड

पितळी नंदी असलेल्या एखाद्या शिवमंदिरात गेलात तर नीट पाहा. शिंगं आणि पाठ लखलखीत असते, पोटाखालचा भाग काळपट. भक्तांचा हात रोज जिथे लागतो तिथलं पितळ घासून उजळत राहतं. अमेरिकेचं सोनेरी एक डॉलरचं नाणं पहिल्यांदा हातात आलं, तेव्हा मला हा नंदी आठवायला हवा होता. भाच्याने न्यू जर्सीहून दोन नाणी आणली होती, तिकिटाच्या मशीनमधून सुट्टे म्हणून पडलेली. ज्यावरच्या बाईचा गाल जास्त चमकत होता ते कोरं, असं मी ठरवून टाकलं. तेच जास्त वापरलेलं होतं.

२००० साली निघालेल्या या नाण्यावर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी शोशोनी जमातीची सकागाविया आहे, पाठीवर तान्हं बाळ. रंग सोनेरी, पण सोनं कणभरही नाही. आत शुद्ध तांबं आणि दोन्ही बाजूंना मँगनीज-पितळेचा थर: ७७ टक्के तांबं, १२ टक्के जस्त, ७ टक्के मँगनीज, ४ टक्के निकेल. आधीच्या सुझन बी. अँथनी डॉलरसारखाच व्यास २६.५ मिलिमीटर आणि वजन ८.१ ग्रॅम. मँगनीजची भानगड एवढ्यासाठी, की माणसाला नाणं वेगळं दिसावं आणि मशीनला मात्र विजेच्या चाचणीत जुन्यासारखंच वाटावं. पण हे पितळ घामाने आणि हवेने लवकर तपकिरी पडतं. डाग खोलगट भागात साचतो, उंचवटे बोटांनी आणि खिशातल्या घर्षणाने पिवळे राहतात. म्हणजे गाल पिवळाधमक आणि भोवती तपकिरी छटा असेल, तर नाणं बाजारात फिरून आलंय.

मग कोरं नाणं कसं ओळखायचं? ओरखडे मोजून तर नक्कीच नाही. टांकसाळीत नाणी एकमेकांवर आदळत पडतात, पोत्यांतून प्रवास करतात, तिथेच त्यांना खरचटतं. अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा चेहरा असलेला १९७१ ते १९७८ मधला डॉलर ३८.१ मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण २२.७ ग्रॅमचा. एवढी जड नाणी एकमेकांवर पडली की अध्यक्षांच्या गालावर खळ्या पडायच्याच. तरीही ते नाणं कोरंच, कारण ते कुणाच्या खिशात गेलेलं नाही.

खरी साक्ष देते ती झळाळी. धातूच्या चकतीवर ठसा जोरात दाबला जातो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो. हजारो चकत्या दाबून झाल्या की या सरकण्याने ठशावरच अतिसूक्ष्म रेघा उमटतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या, आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर त्या उतरतात. एकाच दिव्याखाली नाणं कडेने धरून हळूहळू फिरवा. उजेडाचे पट्टे पृष्ठभागावरून आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. संग्राहक याला ‘कार्टव्हील’ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. ट्यूबलाइटखाली हा खेळ फिका पडतो, कारण तिथे उजेड सगळीकडून येतो. टेबललॅम्प बरा.

या रेघांची उंची नगण्य असते. चार-दोन व्यवहारांतच त्यांची टोकं घासली जातात, आणि सुरुवात होते सर्वांत उंच जागांपासून: सकागावियाच्या गालाचं हाड, २००८ पर्यंतच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला गरुडाची छाती. नाणं फिरवताना उजेडाचा पट्टा तिथे येऊन तुटला, तेवढाच ठिपका सपाट आणि मंद राहिला, तर ती झीज.

इथे एक फसगत होते. कधी ठसा पुरेसा जोराने बसत नाही आणि गालावरचे बारकावे उमटतच नाहीत. झिजलेल्या नाण्यासारखंच दिसतं. पण दहापट भिंगाखाली पाहिलं तर तिथे मूळ चकतीचे बारीक खड्डे, खरखरीतपणा दिसतो, जो ठशाने दाबून टाकायला हवा होता. झिजलेली जागा मात्र गुळगुळीत आणि शेजारपेक्षा वेगळ्या रंगाची असते.

संग्राहकांच्या ७० गुणांच्या मापात ६० पासून वरची नाणी कोरी, ५० ते ५८ हलकी झिजलेली. गंमत म्हणजे ५८ गुणांचं नाणं ६० वाल्यापेक्षा देखणं असू शकतं. मला तरी खरचटलेल्या ६० पेक्षा नितळ ५८ आवडतं.

डॉलरच्या बाबतीत प्रवास म्हणजे वापर असंही नाही. २००८ पासून टांकसाळ ही नाणी दर्शनी किमतीत, पोस्टखर्च न घेता घरपोच देत असे. काही हुशार मंडळी क्रेडिट कार्डावर पेट्याच्या पेट्या मागवून विमानप्रवासाचे पॉइंट कमवत आणि पेट्या न फोडताच नाणी बँकेत भरत. २०११ मध्ये कार्डाची सोय बंद झाली. त्या वर्षअखेरीस वापराविना पडून असलेली नाणी सुमारे १.४ अब्ज होती. शेकडो मैल फिरलेली, तरी कोरी!

आणि हो, नाणं तपकिरी दिसलं म्हणून देवाच्या भांड्यांसारखं चिंचेने घासू नका. चिंचेतलं आम्ल डागाबरोबर त्या बारीक रेघाही खातं, आणि घासण्याने एका दिशेचे केसासारखे ओरखडे उठतात. असं नाणं चकचकीत दिसतं, पण दिव्याखाली फिरवलं की आरे फिरत नाहीत.