वाईटपणा घेण्याची ताकद

इंदूरला आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात एका वर्षी शनिवारी रात्री आठच्या वेळेवर चौघांनी हक्क सांगितला. लहान मुलांची नाटिका, बायकांचं भजन, एका ज्येष्ठ काकांचं गाणं आणि शाळकरी मुलींचं लेझीम. कार्यक्रम लावणाऱ्या वहिनींनी चौघांनाही शब्द दिला होता. त्या कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. जो समोर आला त्याचं मन मोडू नये, असं त्यांना प्रत्येक वेळी मनापासून वाटलं, एवढंच. नाटिकेला पावणेबारा वाजले. तोवर उंदीर झालेलं पोर शेपटीसकट आईच्या मांडीवर झोपून गेलं होतं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. त्याच वहिनी आता मंडळाच्या अध्यक्ष आहेत. यंदाच्या बैठकीत काकांनी पुन्हा आठची वेळ मागितली. वहिनी म्हणाल्या, "काका, आठची वेळ मुलांची. तुम्हाला साडेनऊ." आणि गप्प बसल्या. मला ते गप्प बसणं फार मोठं वाटलं. पूर्वी तेवढ्या शांततेत त्यांनी तीनदा माफी मागितली असती आणि चौथ्यांदा वेळही देऊन टाकली असती.

अशा माणसाला मराठीत नेमका शब्द आहे, भिडस्त. "भीड भिकेची बहीण" ही म्हणही जुनी आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९८३ साली नैराश्याचा विचार करताना दोन प्रकारचे स्वभाव वेगळे काढले. एकाला आपल्या मनासारखं करता आलं नाही की त्रास होतो, दुसऱ्याला आपण कुणाला नकोसे झालो की. भिडस्त माणूस या दुसऱ्या गटातला. पण भीड आणि चांगुलपणा यांत गल्लत होऊ नये. चांगुलपणाचं लक्ष समोरच्याच्या गरजेकडे असतं, भिडेचं लक्ष आपल्या मनातल्या भीतीकडे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडून उत्तर "हो" असंच येतं.

ही भीती किती खोल असते, हे सॉलोमन ॲश यांच्या १९५१ सालच्या प्रयोगातून दिसलं. एका खोलीत काही तरुण बसवायचे, एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, असं एकेकाला विचारायचं. उत्तर लहान मुलालाही कळावं इतकं सोपं. पण खोलीतला एक सोडून बाकी सगळे ॲश यांनी आधीच पढवून ठेवलेले. ते एकसुरात चुकीची रेघ सांगत, आणि मग पाळी त्या एकट्याची येई. अशा प्रसंगी सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या चुकीमागे गेली. साधारण चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. नंतर विचारल्यावर कित्येकांनी सांगितलं की गट चुकतोय असं वाटत होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं. आणि तिथे कोण होतं? सगळे परके. ना सासूबाई, ना शेजारी, ना ज्यांच्या पाया पडत आपण मोठे झालो ते काका.

पुढे २००५ साली ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने असाच प्रयोग मेंदूचं स्कॅनिंग करत केला. जे लोक गटाच्या विरुद्ध उत्तर देत, त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डालाची हालचाल वाढलेली दिसली. भीतीसारख्या तीव्र भावनांशी या भागाचा जवळचा संबंध आहे. म्हणून "नाही म्हण की सरळ, त्यात काय एवढं" हा सल्ला मला कोरडा वाटतो. सांगणाऱ्याला ते एक वाक्य असतं, ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो.

मग ही सवय वर्षानुवर्षं टिकते कशी? "हो" म्हटलं की तो गोळा त्या क्षणी विरघळतो. सुटल्यासारखं वाटतं, आणि ज्या वागण्याने सुटका होते तेच मेंदू पुन्हा करायला लावतो. किंमत नंतर मोजायची असते, रात्री पावणेबाराला. त्याहून मोठं नुकसान असं की "नाही" म्हटलं असतं तर नक्की काय झालं असतं, हे त्या माणसाला कधी कळतच नाही. काका आयुष्यभर बोलणार नाहीत, ही मनातली भीती तपासायची वेळच येत नाही.

वहिनींची एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. सीतलामाता बाजारात साडी घेताना त्या हिंदीत बिनदिक्कत सांगत, "भैया, इतने में नहीं लूँगी," आणि खरोखरच दुकानाची पायरी उतरत. त्याच वहिनींच्या तोंडून घरी आल्यावर मराठीत, वडीलधाऱ्यांपुढे, नकार फुटत नसे. म्हणजे नाही म्हणायची कला त्यांच्याकडे होती. ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, एवढंच त्या लहानपणापासून शिकल्या होत्या. मुलींना तर हे जास्तच कसोशीने शिकवलं जातं.

शिकलेलं बदलतं का? ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली, त्याच माणसांची पुन्हा पुन्हा पाहणी करणाऱ्या ९२ गटांची माहिती एकत्र करून तपासली. विशेषतः विशी ते चाळिशी या काळात सरासरीने ठामपणा वाढतो, मनाचं स्थैर्य वाढतं. आणि वयाबरोबर सौजन्यही कमी होत नाही, उलट थोडं वाढतंच. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. ठाम व्हायचं म्हणजे कठोर व्हायचं, अशी भिडस्त माणसाची समजूत असते, आणि कठोर व्हायला तो तयार नसतो. पण हा तराजू नाही. एक पारडं वर जायला दुसरं खाली यावं लागत नाही.

मात्र नुसतं ठरवून भागत नाही. नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ३७७ विद्यार्थ्यांचा १५ आठवडे मागोवा घेतला. स्वभावात हवा तो बदल व्हावा म्हणून त्यांनी दर आठवड्याला छोटी छोटी कामं अंगावर घ्यायची होती. ज्यांनी ती पार पाडली ते त्या दिशेने सरकले. ज्यांनी नुसती कबूल केली, त्यांना फायदा झाला नाही. वहिनींनी हे कुठे वाचलं नव्हतं. त्यांनी एका वहीपासून सुरुवात केली. कुणी काही मागितलं की "वही बघून उद्या सांगते" म्हणायचं. नकार नाही, फक्त एका रात्रीची सवड. तेवढ्यात पोटातला गोळा उतरे आणि डोकं चालू लागे. पुढे कधीतरी "उद्या सांगते" जाऊन "जमणार नाही" आलं.

नेतृत्वाचा अभ्यासही भिडस्तांना धीर देणारा आहे. डॅनियल एम्स आणि फ्रान्सिस फ्लिन यांच्या २००७ सालच्या संशोधनात अति मवाळ आणि अति ठाम, दोन्ही टोकांची माणसं नेते म्हणून कमी पडताना दिसली. मधली बरी ठरली. भिडस्त माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे चेहरे वाचत आलेला असतो. कोण दुखावेल, कुणाला आधी एकट्याला गाठून सांगायला हवं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ही कमाई फुकट जात नाही. कमी असते ती वाईटपणा घेण्याची ताकद.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या घरात "नाही" म्हटल्यावर मार मिळतो किंवा पोटावर पाय येतो, तिथला होकार ही भीड नव्हे. तो जीव वाचवण्याचा मार्ग असतो. त्या माणसाला ठामपणाचे धडे देऊ नयेत, आधी सोबत द्यावी.

सोबतीचं मोल ॲश यांच्या प्रयोगातही दिसतं. खोलीत खरं बोलणारा एकच साथीदार बसवला, तेव्हा गटामागे जाणारी उत्तरं आधीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आली. यंदाच्या बैठकीत ती शांतता लांबत चालली होती, तेव्हा आमचे खजिनदार वहीतून मान वर न करता म्हणाले, "बरोबर आहे वहिनींचं. पोरं झोपतात." पुढच्या विषयाला सुरुवात झाली. मी शेजारीच होतो. टेबलाखाली वहिनींनी पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आरतीला आले आणि वहिनींना म्हणाले, प्रसादाला केळी कमी पडतायत, अजून दोन डझन मागवा.