गोव्याचा आराखडा आणि गावाचा शब्द: एक पार्श्वभूमी

गोव्यात ग्रामसभेत भूरूपांतराचा, म्हणजे शेत किंवा डोंगराची जमीन बांधकामासाठी खुली करण्याचा, विषय निघाला की सभा तापते. डोंगर कोणी कापला, शेत कोणी बुजवले, परवाना कोणी दिला, अशी विचारणा सुरू होते. बाहेरच्या माणसाला त्यात विकासाला विरोध दिसतो. पण ही माणसे एक जुनीच मागणी मांडत असतात: गावच्या जमिनीचे काय करायचे ते गावाला विचारून ठरवा. ही मागणी एकदा सरकारने मान्यही केली होती, आणि त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

तिची मुळे पोर्तुगीज राजवटीच्याही मागे जातात. गावची जमीन गावकऱ्यांची संस्था सामाईकपणे सांभाळत असे. तिचे रीतिरिवाज 1526 मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने सनदेत नोंदवून घेतले. पुढे याच संस्थेला कोमुनिदाद म्हणू लागले. शेते लिलावाने कसायला द्यायची, आलेल्या पैशातून बांध, तळी, रस्ते आणि देवळाचा खर्च भागवायचा, उरलेले जोण म्हणून वाटून घ्यायचे, अशी रीत होती. खाजन शेतीत तर एकट्याने काही ठरवण्याची सोयच नव्हती. नदीतून चढणारे खारे पाणी बांधाने अडवायचे आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या वाटेची, दारे भरती-ओहोटीबरोबर चालवायची. एका जागी बांध फुटला तर सगळ्यांच्या भातात खारे पाणी शिरणार. त्यामुळे बांधाची काळजी हे गावाचेच काम होते.

या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणणे मात्र मला पटत नाही. निर्णयाचा हक्क मूळ गावकर घराण्यांतल्या पुरुषांपुरता होता. शेत कसणारी कुळे, दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारे मुंडकार आणि सगळ्या बायका त्याबाहेर होत्या. 1961 च्या मुक्तीनंतर 1964 मध्ये कूळ कायदा आला, कसणाऱ्याला संरक्षण मिळाले आणि कोमुनिदादींचा जोर ओसरत गेला. पण जमिनीबद्दल एकत्र बसून ठरवणारी दुसरी जागा मात्र लगेच उभी राहिली नाही.

ती पोकळी नियोजन खात्याने भरली. 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने साऱ्या प्रदेशाचा आराखडा करण्याची तरतूद केली. शेती कुठे, वस्ती कुठे, उद्योग कुठे, हे रंगांनी दाखवणारा नकाशा पणजीत तयार व्हायचा. हरकती नोंदवण्याची सोय कायद्यात होती, पण सर्व्हे क्रमांक आणि रंगांची ती भाषा गावातल्या किती जणांना वाचता येणार?

2006 मध्ये हेच बदलले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला. वास्तुरचनाकारांनी, कार्यकर्त्यांनी नकाशे बारकाईने पाहिले, तेव्हा शेतांवर, डोंगरउतारांवर, किनाऱ्यालगत वस्तीचा रंग चढलेला दिसला. त्यातून गोवा बचाव अभियान उभे राहिले. माझ्या मते अभियानाचे सर्वांत मोलाचे काम मोर्च्यांच्या आधीचे आहे: नकाशा गावात नेऊन लोकांना वाचून दाखवणे. आपल्या ओळखीची टेकडी कागदावर कोणत्या रंगात आहे हे कळले, आणि घरात बसलेला माणूस सभेला आला. डिसेंबरमध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि जानेवारी 2007 मध्ये मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी आराखडा रद्द करण्याची घोषणा केली. त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रांबाबतही, म्हणजे उद्योगांना खास सवलती देऊन राखलेल्या जागांबाबतही, सरकारला माघार घ्यावी लागली.

पुढे आलेल्या नव्या सरकारने 2021 सालापर्यंतच्या आराखड्यासाठी टास्क फोर्स नेमला. मुख्यमंत्री दिगंबर कामत अध्यक्ष आणि वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया उपाध्यक्ष होते. जंगले, जलाशय, खाजने आणि भातशेती यांना कडक संरक्षण देणारा पर्यावरणीय विभाग त्यात आखला गेला. 2008 मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला आणि या वेळी नकाशे पंचायतींकडे पाठवण्यात आले. गावागावांत समित्या बसल्या. पायवाटा, झरी, पाणंदी, देवराया, पूर येणारे सखल भाग अशा खात्याच्या कागदावर नसलेल्या गोष्टी लोकांनी दाखवून दिल्या. भारतात एका अख्ख्या राज्याचा भूवापर आराखडा अशा रीतीने गावासमोर ठेवला जाणे ही साधी गोष्ट नव्हती.

तालुक्यातालुक्याने अंतिम नकाशे निघू लागले, तेव्हा अनेक गावांनी तक्रार केली की आम्ही सुचवले ते यात नाही, आणि न सुचवलेले आहे. रुंद रस्ते आणि वाढीव चटई क्षेत्र यांवरून वाद पेटले. 2012 मध्ये सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारने आराखडा स्थगित ठेवला. चुका दुरुस्त करण्याचे काम तिथेच अडले. स्थगितीची वर्षे लांबली आणि गावांनी घेतलेले श्रम फायलींत पडून राहिले. मला या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोठे नुकसान वाटते, कारण एकदा असे श्रम वाया गेलेले गाव पुन्हा नकाशावर बसायला सहज तयार होत नाही.

पुढे आराखड्याला हात न लावता एकेका भूखंडाचा विभाग (शेती, वस्ती वगैरे) बदलण्याच्या वाटा 1974 च्या त्याच नियोजन कायद्यात निघाल्या. 2018 मध्ये कलम 16ब आले, 2023 मध्ये 17(2), 2024 मध्ये 39अ. यातल्या 17(2) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. 39अ लाही न्यायालयात आव्हान दिले गेले. या कलमात लोकांच्या सूचनांसाठी 30 दिवसांची मुदत आहे, पण सूचना द्यायची ती सुट्या भूखंडावर. शेजारच्या चार भूखंडांचेही रूपांतर झाले तर ओढ्याचे पाणी कुठे जाईल, विहिरी पुरतील का, रस्ता किती वाहने पेलेल, हे प्रश्न सबंध गावाचा नकाशा समोर असल्याशिवाय विचारताच येत नाहीत.