अंतस्थ विक्री

अंतस्थ विक्री : कंपनीचे प्रवर्तक, संचालक किंवा वरिष्ठ अधिकारी आपल्याच कंपनीचे शेअर विकतात तो व्यवहार. बाजाराच्या बोलीत ‘प्रवर्तकानं माल काढला’ एवढ्या तीन शब्दांत हे सांगून होते, आणि सांगताना आवाज थोडा खाली जातो. तो खाली जायचे खरे तर कारण नाही. अशी विक्री कायदेशीर असते आणि रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीत होत असते. गुन्हा आहे तो बाहेर न फुटलेली, भाव हलवू शकेल अशी माहिती हाताशी धरून सौदा करण्याचा, म्हणजे इनसायडर ट्रेडिंगचा. या दोन गोष्टींची गल्लत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सर्वत्र आढळते. युद्ध सुरू झाले की ती जास्तच होते, कारण तेव्हा माणसाला संशय घ्यायला कुणीतरी हवे असते.

भारतातील नियम

स्वतंत्र भारतात या विषयाचा पहिला विचार १९४८ च्या थॉमस समितीने केला. पण दात असलेला कायदा यायला १९९२ साल उजाडले. त्या वर्षी सेबीला, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेला, वैधानिक अधिकार मिळाले आणि इनसायडर ट्रेडिंगला बंदी घालणारे नियम निघाले. सध्या लागू असलेले नियम २०१५ चे आहेत. त्यांनुसार एका तिमाहीत दहा लाख रुपयांपेक्षा जास्त उलाढाल झाली, की प्रवर्तक, संचालक किंवा नियुक्त व्यक्तीने (आतली माहिती हाती येऊ शकते म्हणून कंपनीने नेमून ठेवलेल्या माणसाने) दोन कामकाजी दिवसांत ती कंपनीला कळवायची आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत शेअर बाजाराला. आज विकलेला माल उद्या-परवा किंवा त्याच्याही नंतर जगाला दिसतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हे वरातीमागून घोडेच.

तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत ‘ट्रेडिंग विंडो’, म्हणजे आतल्यांना सौदे करण्याची मुभा, बंद असते. या काळात अधिकाऱ्याला ईसॉप (कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) वापरून शेअर घेता येतात, विकता येत नाहीत. विकल्यावर सहा महिने उलटा सौदाही, म्हणजे खरेदी, करता येत नाही. वर्षभर ज्याच्या कानावर गुपिते पडतात त्याने विकायचे तरी कधी, यावर ट्रेडिंग प्लॅनचा तोडगा आहे. केव्हा आणि किती विकणार हे आधी जाहीर करायचे, मग ठरावीक काळ थांबायचे आणि त्याबरहुकूम विकायचे. ही थांबण्याची मुदत आधी सहा महिने होती, २०२४ मध्ये ती १२० दिवसांवर आली. नियम मोडल्यास दंड किमान दहा लाख, कमाल पंचवीस कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल ते.

अमेरिकेत हीच माहिती ‘फॉर्म ४’ मधून मिळते आणि २००२ पासून तिथेही मुदत दोनच दिवसांची आहे.

विकतात कशासाठी

बाजाराच्या संकेतस्थळावरची अशी एक नोंद उघडून पाहिली तर एका ओळीत पुढील गोष्टी असतात : नाव, हुद्दा, आधी किती शेअर होते, किती विकले, किती उरले, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने. मार्गाच्या रकान्यात ‘मार्केट सेल’ असेल, ‘ऑफ मार्केट’ असेल, ‘गिफ्ट’ असेल किंवा ‘इंटर-से ट्रान्सफर’, म्हणजे घरातल्या घरात हस्तांतर. घाईने वाचणारा एवढे सगळे सोडून फक्त आकडा पाहतो आणि वडिलांनी मुलीच्या नावे केलेले शेअरही ‘विकले’ म्हणून पुढे पाठवतो. विक्री का केली हे मात्र त्या ओळीत कुठेच नसते.

हे ‘का’ पुण्यात समजून घेणे सोपे आहे, कारण ते शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीच्या उपाध्यक्षाला शंभर रुपयांच्या भावाने पाच हजार शेअरचे ईसॉप मिळाले आहेत आणि बाजारभाव नऊशे आहे असे समजू. त्याने ते वापरले त्याच दिवशी मधले चाळीस लाख त्याच्या पगारात धरले जातात. तीस टक्के दराने बारा लाखांचा कर निघतो, अधिभार वेगळा. हातात शेअर आले, रोकड आली नाही. कर भरायला त्याला तेराशे-चौदाशे शेअर विकावेच लागतात. ही रक्कम दहा लाखांवर गेल्याने नोंद होते, आणि संध्याकाळी त्याच्याच सोसायटीतले एखादे काका लिफ्टमध्ये विचारतात, “काय हो, कंपनीत सगळं ठीक ना?”

बाणेरचा फ्लॅट, मुलांचे परदेशी शिक्षण, घटस्फोट, सगळी पुंजी एकाच टोपलीत नको हा शहाणपणा, प्रवर्तकाचा हिस्सा ७५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची सक्ती, अशी कारणे कितीतरी निघतील. खरेदीमागे मात्र बहुधा एकच कारण असते. जोसेफ लाकोनिशॉक आणि इनमू ली यांचा २००१ चा अमेरिकी बाजारावरील अभ्यास हेच सांगतो : अंतस्थांच्या खरेदीतून पुढच्या भावाचा काही अंदाज बांधता येतो, विक्रीतून फारसा नाही. इन्फोसिसच्या संस्थापकांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी डिसेंबर २०१४ मध्ये एका दिवसात साडेसहा हजार कोटींच्या आसपासचे शेअर विकले तेव्हाही पुण्यात बरीच चर्चा झाली. चर्चा होणारच, कारण ही कंपनी १९८१ मध्ये सुरू झाली ती पुण्यात. कंपनी बुडाली नाही.

युद्ध, बातमी आणि पैसा

युद्धाची पहिली खरी बातमी पैशाच्या वाटेने येते, हे पुण्याला अडीचशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. उत्तरेकडे निघालेले नानासाहेब पेशवे तेव्हा भेलशाच्या (आजच्या विदिशाच्या) परिसरात होते. फौजेची खबर मिळत नव्हती. अशात एका सावकारी जासुदाजवळची चिठ्ठी हाती लागली : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. शब्दांचे पाठभेद आहेत, आशयाबद्दल वाद नाही. ती चिठ्ठी पेशव्यांसाठी लिहिलेलीच नव्हती. एका पेढीने दुसऱ्या पेढीला सावध करण्यासाठी ती धाडली होती, आणि बहुधा म्हणूनच तिच्यात कुणाचे मन राखलेले नव्हते. नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले.

शंभर वर्षांनी उलटे घडले. अमेरिकी यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत बॅक बे भरावाच्या कंपनीसह नाना कंपन्यांच्या शेअरचे वेड लागले. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतल्या दक्षिणी राज्यांच्या शरणागतीची खबर आली आणि कापसाबरोबर सगळा डोलारा खाली आला. इथे लोकांना भीती होती ती शांततेच्या बातमीची.

अशा आठवणींबरोबर भाकडकथाही चिकटतात. वॉटर्लूची बातमी आधी मिळवून नेथन रॉथ्सचाइल्डने लंडनचा बाजार लुटला, ही गोष्ट आजही गुंतवणुकीच्या व्याख्यानात ऐकू येते. ती पसरली १८४६ च्या एका ज्यूद्वेष्ट्या फ्रेंच पत्रकातून. ज्याला ती आवडते त्याला हे सांगून उपयोग होत नाही, असा अनुभव आहे.

युद्ध आणि अंतस्थ विक्री यांची खरी, न्यायालयात सिद्ध झालेली गाठ पाहायची तर डीएचबी इंडस्ट्रीज या अमेरिकी कंपनीची पाहावी. ती सैनिकांसाठी गोळीरोधक जाकिटे बनवीत असे. इराक युद्धामुळे मागणी वाढली, शेअर चढला, आणि २००४ च्या अखेरीस संस्थापक डेव्हिड ब्रुक्स याने सुमारे १८.६ कोटी डॉलरचे शेअर विकून टाकले. मे २००५ मध्ये मरीन कोरने याच कंपनीची पाच हजारांवर जाकिटे परत मागवली. त्या नोव्हेंबरात मुलीच्या धार्मिक समारंभावर ब्रुक्सने सुमारे एक कोटी डॉलर उडवल्याच्या बातम्या गाजल्या. पुढे हिशेबातल्या लबाड्याही उघड झाल्या. २०१० मध्ये तो इनसायडर ट्रेडिंगसह अनेक आरोपांत दोषी ठरला, २०१३ मध्ये १७ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये तुरुंगातच मेला. या प्रकरणाचा एक पैलू कमी सांगितला जातो. त्याच्या विक्रीच्या नोंदी उघड होत्या, कुणालाही वाचता येण्याजोग्या. त्याच युद्धात रणगाड्यांवर बसून बगदादकडे गेलेल्या, सैन्याबरोबर ‘एम्बेड’ झालेल्या बातमीदारांची चित्रे घरोघरी पोचली होती. सैनिकाच्या अंगावरचे जाकीट रोज पडद्यावर दिसत होते, आणि ते बनवणारा काय करतो आहे हे एका रुक्ष तक्त्यात पडून होते.

संस्कृतात ‘युद्धस्य वार्ता रम्या’ म्हटले आहे ते दूर बसलेल्यांसाठी. पुण्याला ही चैन अर्धीच परवडते. दक्षिण कमांडचे मुख्यालय इथे, खडकवासल्याला एनडीए, खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ज्या ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार केला, त्यांचे आरेखन पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत झाले आणि त्यातला मोठा वाटा मुंढव्याच्या भारत फोर्जकडे आहे. त्यामुळे ‘डिफेन्स शेअर’ हा इथे शब्दशः घरचा विषय. सकाळी पर्वती चढून उतरलेल्या मंडळींत एक निवृत्त कर्नल, एक ‘डीआरडीओ’तून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ आणि तीन डीमॅटधारक असा जमाव सहज जमतो. त्यात कर्नल सर्वांत कमी बोलतात.

सरकारी संरक्षण कंपन्यांत या संकल्पनेची गंमत होते. तिथल्या अधिकाऱ्यांकडे विकण्याजोगे शेअर नगण्य असतात. विकते ते सरकार, ऑफर फॉर सेलच्या मार्गाने, जसे एप्रिल २०२५ मध्ये माझगाव डॉकचे विकायला काढले. कागदोपत्री प्रवर्तक भारताचे राष्ट्रपती, आणि तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापतीही तेच. अंतस्थ म्हणावे तर याहून अंतस्थ कोण! तरी अशा विक्रीची चर्चा वित्तीय तूट आणि निर्गुंतवणुकीच्या सदराखाली होते, संशयाच्या नव्हे.

मे २०२५

पुण्याच्या वाचनसवयीला केसरी (१८८१) आणि सकाळ (१९३२) यांनी घडवले. छापील बातमी रात्री जुळायची, सकाळी यायची. मधल्या तासांत थोडी चाळण लागायची. १९९९ च्या कारगिलपासून युद्ध दिवाणखान्यात आले. २६/११ च्या थेट प्रक्षेपणाचे दुष्परिणाम पाहून दहशतवादविरोधी कारवाई थेट दाखवण्यास केबल नियमांनी बंदी घातली. तरी ७ मे २०२५ च्या ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर, ८ मेच्या रात्री अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केल्यापासून काय काय सांगितले ते सर्वांनी ऐकले आहे. त्यातले बरेचसे खोटे निघाले. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ या शब्दांखाली कुणाची सही नसते. विक्रीच्या नोंदीखाली असते, आणि ती खोटी निघाली तर दंड होतो. या लेखकाच्या मते युद्धाच्या आठवड्यात रुक्ष तक्ता वाचण्याचे हेच एक बळकट कारण आहे. त्यातून गुपित कळेल ही आशा मात्र फोल.

९ मेला सेन्सेक्स ८८० अंकांनी उतरला. १० तारखेला, शनिवारी, शस्त्रसंधी जाहीर झाली आणि सोमवारी तो २,९७५ अंकांनी चढला. त्या शनिवार-रविवारी मोबाइलवर फिरलेल्या संदेशांत ‘मोठे लोक आधीच विकून बसले’ हा एक होता. कुमठेकर रस्त्यावरच्या शिवलीला चेंबर्समधला, १९८२ मध्ये सुरू झालेला पुणे शेअर बाजार तोवर इतिहासजमा झाला होता. २०१५ मध्येच त्याची मान्यता गेली. नाहीतर खाली चहाच्या टपरीवर एखाद्या जुन्या दलालाने या संदेशावर एकच प्रश्न विचारला असता : निकाल लागलाय का?

मार्च तिमाही ३१ तारखेला संपते. त्यामुळे १ एप्रिलपासून प्रत्येक नोंदणीकृत कंपनीची विंडो बंद झालेली असते आणि कितीतरी कंपन्यांचे निकाल मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागतात. आधी जाहीर केलेला ट्रेडिंग प्लॅन नसेल, तर अशा कंपनीच्या संचालकाला ७ ते १० मे या दिवसांत एकही शेअर बाजारात विकण्याची मुभा नव्हती. त्याची विंडो निकालानंतर दोन दिवसांनी उघडली. तेव्हा शस्त्रसंधी जुनी झाली होती, संरक्षण क्षेत्राचे शेअर वर गेले होते, आणि तक्त्यात नव्या ओळी येऊ लागल्या तेव्हा त्या वाचायला फारसे कुणी उरले नव्हते.